एडवणचा समुद्र आणि लांब मानेचा जलसरट



आजचा विषय दूरदेशीचा वाटला, तरी मी त्याची सुरुवात आपल्या पालघर तालुक्यातील एडवणच्या किनाऱ्यावरून करणार आहे. वैतरणेच्या मुखाच्या उत्तरेस, दातिवरे आणि केळवे यांच्या दरम्यानचे हे गाव आपणांपैकी पुष्कळांच्या पायाखालचे आहे. आशापुरी देवीच्या निमित्ताने कोणी तेथे गेले असेल, कोणी नुसतेच समुद्र पाहावयास गेले असेल. ओहोटीच्या वेळी त्या किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे मनात येते की, हा समुद्र अनादि आहे. माणूस येण्यापूर्वी, झाडेझुडुपे उगवण्यापूर्वी, तो असाच गर्जत असला पाहिजे. आणि कोणा शाळकरी मुलाने प्राचीन प्राण्यांचे चित्रमय पुस्तक नुकतेच चाळलेले असेल, तर तो हमखास विचारतो, "तो लांब मानेचा प्राणी इथेसुद्धा पोहत होता का हो?"

या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे. पण त्याचे कारण ऐकून मुलापेक्षा मोठी माणसेच अधिक चकित होतील. तो प्राणी काल्पनिक होता म्हणून तो येथे पोहत नव्हता, असे नाही. तो प्राणी खराच होता आणि कोट्यवधी वर्षे जगाच्या समुद्रांत त्याची वस्ती होती. नव्हता तो एडवणचा समुद्र. ज्याला आपण अनादि म्हणतो, तो या प्राण्याहून धाकटा आहे. हे माणसाला कसे कळले, याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

प्रथम प्राण्याची ओळख करून घेऊ. शास्त्रज्ञ त्याला प्लेसिओसॉर म्हणतात. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ "सरड्याच्या जवळचा" असा होतो. आपण त्याला लांब मानेचा जलसरट म्हणू. धड रुंद आणि चपटे, शेपूट आखूड, पायांच्या जागी चार लांबट वल्ही, आणि पुढे सापासारखी लांब मान, तिच्या टोकाला लहानसे डोके व अणकुचीदार दात. कासवाच्या पाठीतून साप ओवावा तसा हा प्राणी दिसतो, असे त्याचे वर्णन एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. तो मासा नव्हता. त्याला श्वासासाठी पाण्यावर यावे लागे. तो डायनोसॉरही नव्हता, जरी त्यांचा काळ एकच होता. तो अंडी घालावयास वाळूवर येत असावा, असे पूर्वी पुष्कळांना वाटे. परंतु याच कुळातील एका आखूड मानेच्या प्राण्याच्या सांगाड्यात गर्भाची हाडे आहेत, हे २०११ साली प्रसिद्ध झाले आणि हे प्राणी पाण्यातच पिलांना जन्म देत असावेत हे उघड झाले. चित्रांत त्याची मान राजहंसासारखी उंच उभारलेली दाखवतात. मानेच्या मणक्यांची रचना पाहता तसे करणे त्याला शक्य नव्हते. मान सरळ पुढे धरून तो मासे टिपत असला पाहिजे.

हे सारे आज आपण सहज बोलतो. दोनशे वर्षांपूर्वी यातले एकही वाक्य कोणाला ठाऊक नव्हते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाचे गाव आहे. तेथील समुद्रकडे दरवर्षी पावसा-वादळांत ढासळतात आणि दगडांतून जुन्या जीवांचे अवशेष बाहेर पडतात. त्या गावात एका सुताराची मुलगी होती, मेरी अ‍ॅनिंग. जन्म १७९९ सालचा. बाप १८१० साली वारला आणि मागे कर्ज राहिले. शिंपले, शंख, दगडात रूपांतर झालेली हाडे गोळा करून ती हवा पालटण्यासाठी आलेल्या पाहुण्यांना विकावयाची, हा त्या कुटुंबाचा आधार झाला. हे काम हौसेचे नव्हते. कडा कोसळला म्हणजे वेचणाऱ्याने पुढच्या भरतीच्या आत पोहोचावे लागे, नाही तर समुद्र सगळे धुऊन नेई. १८३३ साली अशीच एक दरड कोसळून तिचा सोबतीचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला. ती स्वतः थोडक्यात वाचली.

१८२१ साली कॉनिबेअर आणि डी ला बेश या दोघा भूशास्त्रज्ञांनी सुट्या हाडांवरून प्लेसिओसॉरस हे नाव दिले होते. पण हाडांची जुळणी कशी करावयाची, हे सांगणारा संपूर्ण सांगाडा नव्हता. तो मेरीने १८२३ च्या डिसेंबरात शोधून काढला. सुमारे ९ फुटांचा सांगाडा, आणि त्यातील मानेचे मणके पस्तीस-चाळीस! आपल्या मानेत सात मणके असतात. जिराफाच्याही मानेत सातच असतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मानेत त्याहून फार अधिक मणके कोणी पाहिलेले नव्हते. पॅरिसला क्युव्हिये हे त्या काळचे तुलनात्मक शरीरशास्त्राचे सर्वश्रेष्ठ पंडित होते. त्यांनी या सांगाड्याविषयी संशय व्यक्त केला. दोन निरनिराळ्या प्राण्यांची हाडे जोडून हा प्रकार झाला नसेल ना, असा तो संशय होता. ज्या बाईचे पोट या विक्रीवर अवलंबून, तिच्या दृष्टीने ही शंका म्हणजे उपजीविकेवरच घाव होता. लंडनच्या भूशास्त्र मंडळात तपासणी झाली, सांगाडा अस्सल ठरला आणि क्युव्हियेंनी आपली चूक मान्य केली. २० फेब्रुवारी १८२४ रोजी त्या मंडळापुढे कॉनिबेअरने या प्राण्याची हकीकत सादर केली. त्याच सभेत बकलंडने मेगॅलोसॉरस या डायनोसॉरची माहिती सांगितली.

कॉनिबेअरने आपल्या निबंधात मेरीचे नाव घेतले नाही. सभेला तिला जाता येणे शक्यच नव्हते, कारण स्त्रियांना त्या मंडळाचे सभासदत्व १९१९ साली मिळाले. १८४७ साली ती वारली, तेव्हा त्याच मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे डी ला बेशने, तिच्याविषयी आदराचे शब्द काढले. ती सभासद नसताना हा मान तिला मिळाला, हे खरे. पण तो तिच्या हयातीत मिळाला नाही. तिने काढलेला तो सांगाडा आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

पंडित चुकतात आणि दगड त्यांना दुरुस्त करतो, याचे दुसरे उदाहरण अमेरिकेतले आहे. कॅन्सस प्रांतातील एका लष्करी ठाण्यावर टर्नर नावाचा डॉक्टर होता. त्याला १८६७ साली एका प्रचंड जलसरटाची हाडे सापडली. ती फिलाडेल्फियाच्या कोप या नामवंत प्राणिशास्त्रज्ञाकडे गेली. कोपने त्याला एलॅस्मोसॉरस असे नाव दिले, सांगाडा जुळवला, आणि डोके बसवले शेपटीच्या टोकाला! इतकी लांब मान असू शकेल हे त्याच्या मनाने घेतलेच नाही, म्हणून मानेला त्याने शेपूट मानले. १८७० साली त्याच शहरातील लायडी या वडीलधाऱ्या शास्त्रज्ञाने ही चूक उघड केली. तेव्हा आपल्या छापील निबंधाच्या प्रती परत गोळा करण्याची धडपड कोपला करावी लागली. त्या मानेत सत्तरच्या वर मणके होते. गंमत अशी की, क्युव्हियेने संशय घेतला तोही मानेमुळे, आणि कोप फसला तोही मानेमुळेच.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात हा प्राणी कोठे सापडला आहे काय? महाराष्ट्राला सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे कच्छ. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण संस्था १८५१ साली सुरू झाली. तिच्यातील विनने कच्छचा भूशास्त्रीय वृत्तांत १८७२ साली प्रसिद्ध केला. त्याच सुमारास स्टोलिचका नावाचा मोराव्हियातून आलेला तरुण शास्त्रज्ञ कच्छच्या उन्हात फिरून शंख-शिंपल्यांचे अवशेष गोळा करीत होता. त्याने तेथील खडकांचे चार गट पाडले, आणि त्यांना तेथल्याच ठिकाणांची नावे दिली: पच्छम, चारी, कटरोल आणि उमिया. १८७४ साली यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये विरळ हवेने त्याचा अंत झाला. त्याने आणि इतरांनी जमवलेल्या शंखांचा अभ्यास वागेनने पुरा केला. तेव्हापासून कच्छमधल्या या लहान ठिकाणांची नावे जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या तोंडी आहेत.

यांपैकी उमिया गटाच्या थरांत लांब मानेच्या जलसरटाच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. त्याच दशकात सर्वेक्षण संस्थेत दाखल झालेल्या लायडेकरने त्याला प्लेसिओसॉरस इंडिकस, म्हणजे भारतीय प्लेसिओसॉरस, असे नाव दिले. जबड्याच्या एका तुकड्यावरून स्वतंत्र जात ठरवणे धाडसाचेच म्हणावयाचे. तरी या कुळातले प्राणी कच्छच्या समुद्रात होते, याचा तो पुरावा आहे. त्यानंतर बराच काळ लोटला. भुजच्या ईशान्येस लोडाई गावाजवळ त्याच समुद्रातील दुसऱ्या एका जलचराचा, इक्थिओसॉर म्हणजे मत्स्यसरटाचा, जवळजवळ संपूर्ण सांगाडा मिळाला. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक गुंटुपल्ली प्रसाद आणि त्यांचे सहकारी यांनी तो २०१७ साली प्रसिद्ध केला. लांबी सुमारे साडेपाच मीटर, वय सुमारे १५ कोटी वर्षे. तेव्हा कच्छमध्ये समुद्र होता, हे निर्विवाद आहे.

मग कच्छमध्ये होता तो समुद्र एडवणला का नव्हता? दोन्ही ठिकाणे एकाच पश्चिम किनाऱ्यावर आहेत ना? येथेच आपली कल्पना आपल्याला फसवते. पश्चिम किनारा ही रेषा आजची आहे. १५ कोटी वर्षांपूर्वी भारत, मादागास्कर, सेशेल्स यांची भूमी एकमेकींना चिकटलेली होती. आफ्रिका या भूमीपासून दूर सरू लागली होती. त्या फटीतून आत शिरलेल्या समुद्राचा एक फाटा कच्छवर पसरला. आपल्या बाजूस मात्र, जेथे आज क्षितिजापर्यंत पाणी दिसते, तेथे भूमीच होती. पुढे नर्मदेच्या खोऱ्यातूनही एकदा समुद्र आत आला. मध्य प्रदेशातील बाग गावाच्या परिसरात त्याचे शंख, कालवे आणि समुद्री साळू यांचे अवशेष मिळतात. पण तोही पाहुणा होता. आला, राहिला आणि परत गेला.

हा काळ आकड्यांत सांगितला तर डोळ्यांपुढे उभा राहत नाही. म्हणून आपण एडवणच्या वाळूवरच तो पावलांनी मोजू. एक पाऊल म्हणजे एक लाख वर्षे, असे धरा. आजच्या क्षणापासून मागे चालावयाचे. आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर आला तो तिसऱ्या पावलावर. शिवकाल, यादव, सातवाहन, अशोक, हे सारे पहिल्या पावलाच्या टाचेखालीच राहिले. पुढे चालत राहा. सुमारे ६३० पावलांवर सेशेल्स भारतापासून फुटून निघाले आणि आपल्या अरबी समुद्राची ही बाजू उघडली. आणखी तीस पावले चाला. ६६० व्या पावलावर लांब मानेचा शेवटचा जलसरट भेटेल. कच्छचा मत्स्यसरट १५०० पावलांवर आहे, मेरी अ‍ॅनिंगचा सांगाडा १९००च्याही पुढे. म्हणजे या प्राण्यांनी समुद्रात तेराशेहून अधिक पावले राज्य केले आणि ते संपल्यावर तीस पावलांनी आपला समुद्र जन्माला आला.

आणि त्या ६६० व्या पावलाच्या सुमारास आपल्याकडे काय चालले होते? भूमीला भेगा पडून तप्त शिलारसाचे पूर उसळत होते. एकावर एक थर साचत गेले आणि सह्याद्री घडला. आपले किल्ले ज्यावर उभे आहेत आणि आपली लेणी ज्यात कोरली आहेत, तो काळा पाषाण याच पुरांचा. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापून आहे. मुंबईकडच्या किनारपट्टीतील काही थर तर या उद्रेकांच्या अगदी अखेरचे आहेत. त्याच सुमारास मेक्सिकोच्या युकातान भागात एक प्रचंड अशनी आदळला. डायनोसॉर गेले, जलसरट गेले. अशनीचा वाटा किती आणि आपल्या शिलारसातून निघालेल्या वायूंचा किती, हा वाद शास्त्रज्ञांत अजून चालू आहे. आपल्या किनाऱ्याच्या मागचा काळा दगड हा त्या प्राण्यांच्या अखेरच्या घटकेचा, किंवा त्यानंतर लगेचचा, साक्षीदार आहे. त्या दगडात त्यांची हाडे शोधू नयेत.

हा केवळ तर्क नाही. मुंबई बेटानेच त्याचा पुरावा दिला आहे. शिलारसाच्या दोन पुरांमध्ये जो विसावा मिळे, त्यात तळी साचत आणि त्यांच्या गाळात जीव गाडले जात. वरळीच्या अशाच गाळाच्या थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले. लंडनच्या ओवेनने १८४७ साली त्यांचे वर्णन करून त्यांना चिमुकल्या अर्थाचेच नाव दिले. १९३० साली नोबलने त्यांना इंडोबॅट्रॅकस, म्हणजे भारतीय बेडूक, हे स्वतंत्र नाव दिले. मुंबईतले डॉक्टर आणि भूशास्त्राचे अभ्यासक कार्टर यांनी १८५२ साली त्याच थरांतील एका कासवाचेही वर्णन केले. आता बेडूक खाऱ्या पाण्यात नांदत नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावयास नको. जेथे आज वरळीच्या कड्यावर समुद्र आपटतो, तेथे त्या काळी गोड्या पाण्याची तळी होती. ९ फुटांच्या जलसरटाने जेवढे सांगितले नसते, तेवढे या बोटभर बेडकाने सांगितले.

आणखी एक गोष्ट. आजची वाळूची कड तर समुद्राहूनही कितीतरी तरुण आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या हिशेबाने पाव पाऊलही मागे नाही, पृथ्वीवरचे पुष्कळसे पाणी बर्फात गोठलेले होते. समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबई हाय येथे जेथून आज तेल निघते, तेथे पाण्याची खोली सुमारे ७५ मीटर आहे. म्हणजे तेव्हा ती कोरडी जमीन होती! एडवणहून निघालेल्या माणसाला समुद्र पाहण्यासाठी दीडशे किलोमीटरहून अधिक पायपीट करावी लागली असती.

इतके सगळे सिद्ध झाल्यावरही लांब मानेचा प्राणी जिवंत आहे, अशी वार्ता अधूनमधून उठते. तिच्यातील सर्वांत बोधप्रद गोष्ट मासेमाऱ्यांची आहे. २५ एप्रिल १९७७ रोजी न्यूझीलंडच्या पूर्वेस झुइयो मारू या जपानी जहाजाच्या जाळ्यात सुमारे ३०० मीटर खोलीवरून एक सडलेले धूड वर आले. लांबी १० मीटर, वजन सुमारे १८०० किलो, लहान डोके आणि लांब मान! छायाचित्रे पाहून जपानभर खळबळ उडाली. जहाजावर मात्र वेगळीच काळजी होती. दुर्गंधीने धरलेली मासळी नासेल, म्हणून ते धूड पुन्हा समुद्रात सोडले गेले. तथापि, फेकण्यापूर्वी एका शहाण्या माणसाने त्याची मापे घेतली, छायाचित्रे काढली आणि पराचे काही तंतू कापून ठेवले. त्या तंतूंच्या रासायनिक तपासणीत ते मुशीच्या जातीचे निघाले. बास्किंग शार्क नावाची अजस्र मुशी सडू लागली म्हणजे तिचा जबडा आणि गलफडे आधी गळून पडतात, आणि उरतो तो लहान डोक्याचा, लांब मानेचा आभास.

सातपाटी, दातिवरे किंवा एडवण येथील तांडेलाला ही गोष्ट पटावयास वेळ लागणार नाही. मुशीच्या अंगात हाड नसते, कूर्चा असते, हे तिची तुकडी करणाऱ्या प्रत्येक कोळणीच्या हाताला ठाऊक आहे. २०१६ च्या जानेवारीत जुहूच्या किनाऱ्यावर मेलेला देवमासा लागला, तेव्हा हजारो लोक पाहावयास धावले. अशी धुडे आपल्याही किनाऱ्यावर लागावयाची. ती ओळखण्याचे पहिले काम विद्यापीठातल्या पंडिताचे नाही. ते पहाटे किनाऱ्यावर पोहोचणाऱ्या माणसाचे आहे.

या सगळ्या इतिहासात पहिला हात कोणाचा पडला, हे आठवून पाहा. लाइममध्ये सुताराच्या मुलीचा, कॅन्ससमध्ये ठाण्यावरच्या डॉक्टरचा, कच्छमध्ये उन्हातान्हात फिरणाऱ्या सर्वेक्षकाचा, न्यूझीलंडजवळ जाळे ओढणाऱ्या खलाशांचा. नाव बहुधा दुसऱ्याचे झाले. तरी वस्तू जपली गेली म्हणून खरे-खोटे करता आले. खाणीत, विहिरीच्या खणतीत किंवा किनाऱ्यावर काही वेगळे दिसले, तर ते फोडून टाकू नये. जागा नोंदवावी, छायाचित्र घ्यावे, आणि जाणत्याला कळवावे. आपल्याकडच्या काळ्या दगडात जलसरट मिळणार नाही, हे मी सांगितलेच आहे. पण वरळीचा बेडूकही कोणाच्या तरी कुदळीखालूनच वर आला, आणि त्या कुदळीच्या धन्याला तो दगड वेगळा वाटला नसता, तर आपल्या समुद्राचे वय आपल्याला कळण्यास एक साक्षीदार कमी पडला असता.

त्या शाळकरी मुलाला मी म्हणेन: बाळ, तुझ्या पुस्तकातला प्राणी खरा आहे. तो पाहावयाचा तर लंडनला जावे, त्याचा समुद्र पाहावयाचा तर कच्छच्या रखरखीत डोंगरांत जावे. आणि एडवणला आलास की, ओहोटी लागल्यावर किनाऱ्यामागच्या काळ्या दगडावर हात ठेव. त्या प्राण्याची मान शेवटची पाण्यावर आली, त्या सुमारास हा दगड अजून तापलेला होता.